मनी ये, वस्तीकरा

बाळकृष्ण विटेकरांचं पहिलं अवकाशयान एका डब्यावरून बेतलेलं होतं. हुबळीच्या दुर्गदबैलात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि मधल्या फळीवर कडीचा, घट्ट झाकणाचा, उभट असा एक स्टीलचा डबा वर्षानुवर्षं विकला न जाता बसून होता. दुपारी बाजार थंडावला की विटेकर, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, त्याच्याकडे बघत बसायचे. गिऱ्हाईक काही मिळेना, तेव्हा त्यांनी तो डबा सरळ आकाशात सोडला आणि आत चार माणसं बसवली. 'धातूचा पाऊस' ही कादंबरी अशी जन्माला आली. मिरजेच्या एका प्रकाशकाने ती छापली, गावोगावच्या वाचनालयांनी घेतली आणि विटेकराचं डोकं फिरलं ही बातमी पेठेत बघता बघता पसरली.

पण डोकं फिरलेला माणूस इतक्या नेटाने लिहीत नाही. दिवसा पातेली विकायची आणि उरलेल्या वेळात ग्रह वसवायचे, असं अण्णांनी जन्मभर केलं. 'नवव्या ग्रहावरची पेठ', 'मिठाची राणी', 'सावल्यांचं तिकीट'. समीक्षकांनी त्यांना कधी पंगतीला बसवलं नाही, पण सांगली-बेळगावकडच्या वाचनालयांत त्यांची पुस्तकं पानं सुटेपर्यंत फिरली. त्या पानं सुटलेल्या पुस्तकांवरच दीपाली वाढली.

ही दीपाली धारवाडच्या एका कॉलेजात कन्नड शिकवायची. घरची भाषा मराठी, बाजाराची कन्नड, आणि दोन्हींत सारखंच भांडता येतं असा तिचा दावा होता. अण्णांची सगळ्यात गाजलेली कादंबरी 'वस्तीकर' ती कन्नडमध्ये आणत होती. धारवाडचा एक प्रकाशक तयार झाला होता. अण्णांना इतक्या उशिरा का होईना, राहत्या गावाची भाषा मिळणार याचा तिला मनापासून आनंद होता.

वस्तीकर म्हणजे कोण, हे अण्णांच्या वाचकांना सांगावं लागत नाही. त्याला रूप नाही, आवाज नाही. खेड्यात रात्रीची वस्तीची एसटी यावी तसा तो येतो आणि एखाद्याच्या मनात मुक्काम टाकतो. मनात जागा ती केवढी! मग आतलं एक माणूस बाहेर पडतं आणि त्याच्या जागी हा बसतो. दुखत नाही, खुपत नाही. ज्याचं माणूस गेलं त्याला पत्ताही लागत नाही, कारण विसरलो हेच तो विसरलेला असतो. त्याला अडवता येत नाही, म्हणून त्या ग्रहावरची माणसं त्याला मानाने बोलावतात:

मनी ये, मनी बैस,
वस्तीला रहा.

वस्तीकर आला की चिंचेने घासलेल्या पितळेचा वास येतो, असंही अण्णांनी लिहिलं होतं. भांडीवाल्याला दुसरा वास कुठला सुचणार, असं दीपाली हसून म्हणायची.

प्रस्तावनेसाठी तिने अण्णांची सगळी पुस्तकं पुन्हा वाचून काढली, तेव्हा एक गोष्ट तिच्या लक्षात आली. राण्या होत्या, चेटकिणी होत्या, सासवा, मावश्या, यान चालवणाऱ्या विधवा होत्या. पण एकाही कादंबरीत कुणाला बहीण नव्हती. धारवाडच्या सप्तापूरला अण्णा एकटेच वरच्या मजल्यावर राहायचे. लग्न केलं नव्हतं, दुकान केव्हाच विकून टाकलं होतं. तिने त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "मी एकुलता एक. मला बहीण नाही, ती पुस्तकात कुठनं आणू?" अण्णांकडे अवकाशयान तरी कुठे होतं, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण मोठ्या माणसाला किती चिडवायचं, म्हणून ती गप्प बसली.

दीपालीची भाषांतराची रीत जरा वेगळी होती. नवनगरच्या घरी, कॉलेजातून आल्यावर, ती जेवणाच्या टेबलाशी बसायची. मराठी ओळ मनात वाचायची आणि कन्नड ओळ मोठ्याने बोलायची. समोर ठेवलेला फोन ते लिहून घ्यायचा. धारवाडचं कन्नड जिभेवर ठरतं, कागदावर नाही, असं तिचं म्हणणं. आणि पहिली श्रोती समोरच असायची, तिची आई सुशीला.

वडील गेल्यावर सुशीलाबाई हुबळीच्या गल्लीतून लेकीकडे आल्या त्या कायमच्या. घरात तिघं: दीपाली, तिचा नवरा ओंकार आणि आई. आतली खोली आईची. स्वयंपाक, टीव्हीचा रिमोट आणि शेजारपाजारची माहिती ही तिन्ही खाती त्यांच्याकडे होती. दीपाली बोलायला लागली की त्या समोर गवारी मोडत बसायच्या. हात थांबला तर वाक्य जमलं. हात चालूच राहिला तर वाक्य पुन्हा. दीपालीला आईच्या त्या हातावर कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त भरवसा होता.

त्या दुपारी ती वस्तीकराच्या गाण्यापाशी आली. तिला 'मनी'चा नाद सोडवेना. डोळे मिटून, चाल न मोडता तिने म्हटलं, "मनीगे बा, मन्याग कुंद्रु, वस्ती इरु."

आईचा हात थांबला. पण ती हसत होती.

"कुणाला बोलावतेस गं घरी?"

"कुणाला नाही. पुस्तकातल्या वस्तीकराला."

"मग घरात ये, घरात बस कशाला म्हणालीस?"

दीपालीने जीभ चावली. मराठीत मनी म्हणजे मनात. धारवाडच्या कन्नडात मनी म्हणजे घर. जन्मभर दोन भाषांत वावरलेल्या बाईने नादापायी एका भाषेचा पाय दुसरीत टाकला होता. ती ओळ खोडायला हवी होती. पण ती कानाला इतकी गोड लागत होती की तिने स्वतःशीच सबब काढली, की आत्ता राहू दे, शेवटचा हात फिरवताना बदलू.

"राहू दे की," आईही म्हणाली. तिने पायाने शेजारची खुर्ची मागे सारली आणि रिकाम्या दाराकडे बघून म्हणाली, "बा रे बाबा. भाकरी आहे, झुणका आहे. बस हितं."

दोघी खूप हसल्या.

दुसऱ्या दिवशी घरात पितळेचा वास आला. चिंचेने घासलेल्या, ओल्या पितळेचा. दीपालीने देवाची भांडी बघितली. ती तर सणाशिवाय घासली जात नसत, काळपटच होती. वास आतल्या खोलीच्या दाराशी जास्त होता. डोकं चालवणारी बाई होती ती. पुस्तकात फार दिवस बुडालो की असं होतं, असं तिने स्वतःला बजावलं आणि खिडक्या उघडल्या.

शेजारच्या पद्माअक्कांनी जिन्यात विचारलं, "पाव्हणे आलेत काय गं?"

"नाही हो. का?"

"नाही, आत खोकल्याचा आवाज आला. गड्याचा. ओंकार तर दुकानावर असतो ह्या टायमाला."

टीव्ही असेल, असं दीपाली म्हणाली. टीव्ही बंद होता.

त्या आठवड्यात आईला नादच लागला होता म्हणा ना, भाकरी एक जास्त व्हायची. पीठ तेवढंच, ताटं तेवढीच, तरी एक जास्त. "असू दे," आई म्हणायची. "दिवसभर कोण असतं बोलायला? आता सोबत असल्यासारखं वाटतंय बघ." हे ती हसून म्हणाली असती तर दीपालीला काही वाटलं नसतं. ती हसली नव्हती.

शनिवारी ओंकार चुरमुऱ्यांचं गिरमिट घेऊन आला. तो दर शनिवारी आणायचा, तिघांच्या तीन पुड्या, आणि आईच्या पुडीत मिरची भजी जास्त, कारण सासू-जावयाचं त्या बाबतीत संगनमत होतं. त्याने एक पुडी दीपालीपुढे ठेवली, एक स्वतःला घेतली आणि तिसरी घेऊन आतल्या खोलीत गेला. रिकाम्या हाताने बाहेर आला. आई टेबलाशीच बसली होती.

"आणि माझं रे?" ती म्हणाली.

ओंकार तिच्याकडे बघत राहिला. क्षणभरच, पण तो ओळखीचा चेहरा नव्हता. दुकानात अनोळखी गिऱ्हाईक आलं की तो असा अदबीने बघायचा.

"अय्यो, आई, विसरलोच की," तो म्हणाला आणि धावत जाऊन पुडी घेऊन आला. ती उघडलेली होती. अर्धी संपलेली होती.

"अहो, आत कुणाला दिलीत?" दीपालीने विचारलं.

"कुणाला म्हणजे?" ओंकार म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपालीला जाग आली तेव्हा आई आपली उशी छातीशी धरून आतल्या खोलीच्या दाराबाहेर उभी होती. दार लोटलेलं होतं.

"दीपे," आईने अगदी हळू विचारलं, "मी कुठं निजते गं?"

दीपालीने दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. आईची कॉट होती आणि तिच्यावर दुसऱ्याच पद्धतीने घडी घातलेली चादर. पितळेच्या वासाने डोकं भणभणलं. आता मात्र ती घाबरली. आपलं भय तिने आईला दाखवलं नाही, पण आईचा हात धरला तो चहा होईपर्यंत सोडला नाही.

त्याच दुपारी अण्णांचा फोन आला. "ये. लगेच ये. मला कुणाला तरी सांगायला पाहिजे." त्यांचा आवाज पोरासारखा झाला होता.

सप्तापूरच्या जिन्यात विद्यार्थ्यांच्या चपला पडलेल्या, खालच्या खानावळीतून सांबाराचा वास. वर अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. तिला त्यांनी बसूही दिलं नाही.

"गोदावरी आठवली," ते म्हणाले.

"कोण गोदावरी?"

"माझी बहीण. पाठची. कलघटगीला दिली आपण तिला. मीच मुंडावळ्या बांधल्या तिच्या, आणि त्याच्यानंतर, दीपाली, त्याच्यानंतर ती नाहीच! इतकी वर्षं नाहीच! मी एकुलता एक म्हणून हिंडलो सगळीकडं. परवा पाणी पिताना तिचं तोंड दिसलं. कलघटगीला विचारत विचारत फोन लावला. आहे गं! जिवंत आहे. दर भाऊबीजेला पाट मांडून बसायची म्हणे, दादा येईल म्हणून. उद्या येणार आहे. नातू आणून सोडणार आहे."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. दीपालीला त्यांचा आनंद दिसत होता, पण तिच्या डोळ्यांपुढे उशी धरलेली आई होती.

"अण्णा, तुम्ही वस्तीकर रचला होता ना?"

अण्णांनी बाहीने डोळे पुसले.

"रचला नाही," ते म्हणाले. "होता. लिहीत राहिलं की तो शांत बसायचा, एवढंच मला कळलं होतं. म्हणून लिहीत राहिलो. लोकांना वाटलं, माणसाला फार सुचतं. आता गेला. आतमध्ये झाडून घेतल्यासारखं झालंय." मग त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "कन्नडात तू त्याला कुठं बसवलंस?"

तिने ओळ म्हटली. अण्णांचं कन्नड तिच्यापेक्षा जुनं होतं. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"मनी," ते पुटपुटले. "मी त्याला मनापुरतं ठेवलं होतं, दीपाली. तू त्याला घर दिलंस."

"घरात शिरला तर काय होतं?"

"मनात शिरला तर मनातनं माणूस जातं. घरात शिरला तर..."

"माझी आई खोलीच्या बाहेर उभी होती, अण्णा. उशी घेऊन." दीपालीला रडू आवरेना. "तुम्ही परत बोलवा त्याला. तुमच्याकडे इतकी वर्षं राहिला, तुमचं ऐकेल."

खालून भांड्यांचा आवाज येत होता. अण्णा स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"उद्या येणार आहे गं ती," ते म्हणाले. "परवाच तोंड आठवलंय तिचं. नाही जमणार मला."

तिला त्यांचा राग आला आणि तो धरताही येईना. ती उठली.

"मग मी बोलावते. नीट बोलावते. मनसिनाग बा म्हणते. माझ्या मनात येऊ दे."

"माणूस तो निवडतो, आपण नाही. तुझ्या मनातनं तो तुझी आईच काढील."

"काढू दे. पण आई घरात राहील. मी ओळखलं नाही तरी ती मला ओळखेल."

ज्युबिली सर्कलला तिला नवनगरला जाणारी चिगरी, ती गार हवेची बस, मिळाली. गार काचेला डोकं टेकून ती आईला घट्ट धरून बसली. मनगटावरचा तव्याचा डाग. 'दीपे' अशी हाक. मालिकेतल्या सासूला आई कन्नडमधून शिव्या द्यायची, मराठीतून नाही, कारण त्या सासूला कळायला हव्यात. लहानपणी ताप आला की आई कपाळावर ओठ टेकवून बघायची. थर्मामीटरवर तिचा विश्वास नव्हता. हे सगळं दीपाली पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि त्याच्यामागे ती ओळ, मनसिनाग बा, मनसिनाग कुंद्रु. दार उघडलं की आधी ओळ. चप्पल काढायच्याही आधी.

विद्यागिरी गेलं.

तव्याचा डाग डाव्या मनगटावर की उजव्या? डाव्या. बहुतेक डाव्या.

सत्तूरला गर्दी चढली. कुणाचा तरी धक्का लागला. ती सासूला शिव्या द्यायची. कुठल्या भाषेत ते आत्ता तर माहीत होतं.

नवलूर.

कपाळावर कुणीतरी ओठ टेकवायचं. गार ओठ. छान वाटायचं.

रायापूरला तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय. समोरची बाई बघत होती. दीपालीने ओशाळून डोळे पुसले.

नवनगरला ती उतरली तेव्हा ऊन कललेलं होतं. भाजीवाल्याकडून तिने गवारी घेतली. घरी कुणी मोडत बसणार नाही, आपल्यालाच मोडायला लागेल, असं वाटून अर्धी परत केली.

दार ओंकारने उघडलं.

ती उंबऱ्यात थांबली. आत शिरताना काहीतरी म्हणायचं होतं. जिभेवर होतं.

"काय गं?" ओंकार म्हणाला.

"काही नाही. आले."

तिने चप्पल काढली.

घर कसं शांत होतं. पितळेचा तो नेहमीचा वास होता, घरचा. तिने हातपाय धुतले, पीठ मळलं. भाकऱ्या बरोबर झाल्या, एकही जास्त नाही. ओंकार कांदा चिरता चिरता दुकानातली गंमत सांगत होता आणि ती हसत होती. दिवसभराचा कसलासा शीण होता, तो उतरत चालला होता.

जेवायच्या तोंडावर अण्णांचा फोन आला. त्यांना बोलताना धाप लागत होती.

"दीपाली, मी गोदावरीला फोन केला. येऊ नको म्हणालो. उद्या मी तुला ओळखणार नाही, म्हणालो. रडली ती. असू दे. मी बोलावतो त्याला परत, आत्ता बोलावतो. सुशीलाबाईंना सांग, घाबरू नका."

"कुणाला सांगू, अण्णा?"

"सुशीलाबाईंना. तुझ्या आईला."

दीपालीला म्हाताऱ्या माणसाची दया आली. कादंबऱ्या लिहून लिहून असं होत असेल.

"अण्णा," ती समजुतीने म्हणाली, "कोण सुशीलाबाई? आमच्याकडे कुणी नाही त्या नावाचं. आम्ही तिघंच की पहिल्यापासून."

पलीकडून खालच्या खानावळीतला कालवा ऐकू येत राहिला.

"तिघं," अण्णा शेवटी म्हणाले. मग म्हणाले, "काही नाही, पोरी. जेवून घे."

आणि त्यांनी फोन ठेवला. उद्या त्यांच्याकडे कुणीतरी येणार होतं, असं काहीसं तिला आठवलं. येऊ दे, बरंच आहे, एकटा माणूस.

आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला.

"आणते, आणते," दीपाली म्हणाली. तिने तव्यावरची भाकरी ताटात घेतली आणि पदराने दार ढकलून आत गेली. त्यांना गरमच लागायची.